मरीचा मुक्काम

घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गोगलगाईची मला लहानपणी फार कीव येत असे. पावसाळ्यात आमच्या न्हाणीच्या भिंतीवर ती दिसली, की वाटे, बिचारीला घरापासून क्षणाचीही सुटका नाही! पुढे संसार गळ्यात पडल्यावर या बाबतीत गोगलगाय आणि मनुष्य यांच्यात फारसा भेद नाही हे ध्यानात आले, ती गोष्ट वेगळी. परंतु वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर आपण खरोखरीच घर मागे बांधून शेकडो कोस हिंडणार आहोत, असे भाकीत एखाद्या ज्योतिषाने केले असते, तर त्याला दिलेली दक्षिणा मी परत मागितली असती.

गेल्या वर्षी मेच्या सुटीत आम्ही उभयता ॲडलेडला चिरंजीवांकडे गेलो होतो. त्याने आठ दिवसांची रजा काढली आणि एक कॅरव्हॅन भाड्याने आणली. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे आकड्याने अडकविलेले एक पत्र्याचे घर. त्यात दोन बिछाने, एक शेगडी, एक मोरी, आणि दिवसा जेवणाचे टेबल व रात्री मुलाचा व सूनबाईचा पलंग अशी दुहेरी नोकरी करणारी एक फळी होती. मुंबईच्या चाळीत ज्याचे बालपण गेले, त्याला या ऐवजाचे नवल वाटण्याचे कारण नाही. "बसल्या जागेवरून ओट्याला हात पोचतो, एवढे एक सुख आहे," असा अभिप्राय हिने पहिल्याच संध्याकाळी दिला, आणि त्यानंतरच्या आठ दिवसांत तिने तो बदलला नाही.

कॅरव्हॅन हा शब्द इंग्रजीने फारसीतून उचललेला आहे. कारवान म्हणजे उंटांचा आणि व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्यातले उंट गेले, व्यापारी गेले, आणि शब्द मात्र पत्र्याच्या पेटीला चिकटून राहिला. शब्दांची ही कुळकथा मी वाटेत मोठ्या उत्साहाने सांगितली. पुढच्या आसनांवरून "हं" असा हुंकार आला. तीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसाला त्या हुंकाराचा अर्थ चांगला कळतो.

आमचा बेत असा होता की, फ्लिंडर्सचे डोंगर उजवीकडे ठेवून उत्तरेस जावे, मरी नावाच्या गावी एक रात्र काढावी, आणि तेथून ऊडनाडाटाच्या कच्च्या रस्त्याने वाळवंटात शिरावे. गावाचे नाव ऐकताच ही दचकली. "मरी? मरीआईच्या नावाच्या गावाला रात्री मुक्काम?" परंतु ज्या देशात मरीआईचा गाडा कधी शिवेबाहेर ओढला गेला नाही, तेथे त्या नावाला भिण्याचे कारण नाही, असे मी तिला समजाविले. ॲडलेडपासून सुमारे सहाशे किलोमीटर आल्यावर मरी आली, आणि तिच्या पाठोपाठ पाऊसही आला.

पाऊस म्हणजे तरी किती! आपल्याकडे श्रावणात अशा सरीला कोणी छत्री उघडणार नाही. परंतु त्या प्रदेशातली माती चार थेंबांनी लोण्यासारखी होते. जड गाडी तिच्यावरून गेली की हातभर खोल चाकोऱ्या पडतात, आणि ऊन पडताच त्या अशा कडक होतात की पुढे कित्येक दिवस सर्वांच्याच गाड्यांची हाडे खिळखिळी व्हावीत. म्हणून पाऊस पडला की सरकार रस्ताच बंद करते. गावाच्या कडेला एक मोठा फलक आहे. त्यावर प्रत्येक रस्त्याचे नाव आणि त्यापुढे तो उघडा की बंद हे लिहिलेले असते. आमच्या रस्त्यापुढे 'बंद' अशी पाटी होती. ईशान्येस बर्ड्सव्हिलकडे जाणारा ५१७ किलोमीटरांचा दुसरा रस्ता, तोही बंद. एका रात्रीचा मुक्काम दोन रात्रींचा झाला.

गाव पाहण्यास अर्धा तास पुरतो. वस्ती शंभराच्या आतबाहेर. १८८३ साली बांधलेले एक दुमजली दगडी हॉटेल, एक दुकान, एक शाळा, आणि जिच्यावरून आता गाडी धावत नाही अशा रेल्वेचे एक स्थानक. १८८४ मध्ये येथवर लोहमार्ग आला, १९२९ मध्ये तो मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत पोचला, आणि १९८० मध्ये पश्चिमेकडून नवा मार्ग झाल्यावर जुन्या मार्गावरची गाडी थांबली. दोन जुनी इंजिने मात्र अजून फलाटाशी उभी आहेत. चाकरीवरून काढून टाकल्याची बातमी त्यांना कोणी सांगितलेली दिसत नाही. स्थानकाचे जुने नाव एका जर्मन माणसावरून पडलेले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन नावे नकोशी झाली, तेव्हा तेही गेले.

आम्ही उतरलो होतो तो कॅरव्हॅनांचा तळ पाहून मला पालखीच्या तळाची आठवण झाली. तशाच राहुट्या, तशीच पाण्याच्या नळाशी होणारी ओळख, तशीच 'कोठून आलात, कोठवर जाणार' ही चौकशी. फक्त मुखी विठ्ठलाचे नाव नाही. येथले वारकरी बहुधा साठी ओलांडलेले. सेवानिवृत्तीनंतर राहते घर विकून किंवा भाड्याने देऊन वर्षानुवर्षे देशभर हिंडणाऱ्या या मंडळींना तिकडे 'पिकल्या केसांचे भटके' अशा अर्थाचे नावच पडले आहे. नळाला पाणी येत होते ते भूगर्भातले, कोमट, आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचे. या देशाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भूमीखाली एक प्रचंड जलाशय आहे. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांतून झिरपत झिरपत लाखो वर्षांनी इकडे येतो. तेव्हा माझ्या अंगावर पडणारे ते पाणी मनुष्यप्राणी जन्मास येण्यापूर्वीचे असण्याचा संभव होता. या विचाराने वास कमी झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये टास्मानियाचे एक वृद्ध जोडपे होते. त्यातल्या म्हाताऱ्याने मुलाला विचारले, "आपण कोठले?" मुलगा म्हणाला, "आम्ही ॲडलेडचे."

एवढेच. त्यात खोटे काही नव्हते. त्याचे घर तेथे आहे, नोकरी तेथे आहे. परंतु 'आम्ही' या सर्वनामात उभे असलेल्या आम्हा चौघांपैकी दोघे पुण्याचे आहेत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही, आणि ते माझ्या मनाला लागले.

दुपारी आम्ही दोघेच स्थानकाच्या फलाटावर बसलो असता त्याने विषय काढला. तो काढणार, किंबहुना त्याकरिताच ही सहल आहे, हे मी ओळखून होतो. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व मिळण्यास तो पात्र झाला होता, आणि आता अर्ज करावा असा उभयतांचा विचार होता. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. तिकडची शपथ घेतली की इकडचे पारपत्र परत करावे लागते. पुढे परदेशस्थ भारतीयाचे एक कार्ड मिळते, त्यावर आयुष्यभर केव्हाही येता येते. हे सर्व त्याने मला नीट समजावून सांगितले. घर विकताना भाऊबंदांना समजावून सांगतात तसे.

"बाबा, तुम्हांला काय वाटते?" त्याने विचारले.

"तुझे तू पाहा," मी म्हणालो. "तू काही लहान नाहीस."

वाचकांपैकी ज्यांना मोठी मुले असतील, त्यांना हे वाक्य परिचयाचे असेल. त्याचा शब्दार्थ संमती असा असून भावार्थ नेमका उलट असतो. मुलगाही हे जाणतो. तो काही वेळ त्या गंजक्या इंजिनाकडे पाहत राहिला, आणि मग चहा घ्यायचा का, असे त्याने विचारले.

माझ्या रागात न्याय किती होता? आयुष्यभर परक्यांची भाषा शिकवून ज्याने चरितार्थ चालविला, घरात मुलाच्या हाती परक्यांची पुस्तके ज्याने स्वतः दिली, त्याने मुलगा परका झाला म्हणून कोणाला दोष द्यावा? हे सर्व मला कळत होते. परंतु कळण्याचा आणि राग जाण्याचा फारसा संबंध नसतो.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून चौघेही रुळांपलीकडे गेलो. पूर्वी या गावाचे दोन भाग होते. रुळांच्या एका अंगाला हॉटेल आणि गोरी वस्ती. दुसऱ्या अंगाला ज्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत त्या उंटवाल्यांची आणि येथल्या मूळ रहिवाशांची वस्ती. त्या बाजूला काही जुनी खजुराची झाडे आहेत. गावात मातीच्या भिंतींची, वर झावळ्या शाकारलेली एक लहानशी मशीदही पाहावयास मिळते. ती आता प्रतिकृती आहे. मूळची एकोणिसाव्या शतकातली, या देशातल्या अगदी पहिल्या मशिदींपैकी एक होती.

हे अफगाण खरे पाहता पुष्कळसे अफगाण नव्हतेच. कोणी बलुची, कोणी पठाण, कोणी पंजाबी, कोणी सिंधी. १८६६ च्या आरंभी शंभराहून अधिक उंट आणि ३१ माणसे घेऊन एक जहाज पोर्ट ऑगस्टाला लागले, ते कराचीहून. कराची त्या वेळी आपल्या मुंबई इलाख्यात होती, ती १९३६ पर्यंत. तेथल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. तेव्हा त्या जहाजातल्या सिंधी माणसांचा आणि माझ्या वाडवडिलांचा गव्हर्नर एकच होता. पुढच्या साठ वर्षांत असे दोन ते चार हजार लोक आले. जेथे घोडा आणि बैल तहानेने मरत, तेथे त्यांचे उंट पीठ, साखर, लोकरीचे गठ्ठे, तारेचे सामान, रुळांचे सामान, असे सर्व काही वाहून नेत. १८७२ मध्ये पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत तारायंत्राची तार पुरी झाली, तिच्या कामातही त्यांचे उंट होते. पुढे रुळांवरून जी गाडी धावली, तिला 'घॅन' हे नाव पडले. ते अफगाण या शब्दाचेच शेपूट, असे सांगतात.

मग मोटारलॉरी आली. १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने उंटांच्या नाशाचा कायदाच केला. बेवारशी फिरणाऱ्या उंटाला गोळी घालण्याची त्यात सोय होती. कित्येकांना आपल्या हाताने जनावर मारवेना. त्यांनी ती रानात सोडून दिली. त्यांची प्रजा आज त्या वाळवंटात लाखोंच्या संख्येने हिंडते आहे.

गावाबाहेर दफनभूमी आहे, आणि तिचेही भाग पाडलेले आहेत: गोऱ्यांचा एक, मूळ रहिवाशांचा एक, अफगाणांचा एक. मेल्यावर तरी माणसे एका ओळीत निजतात, असे आपण म्हणतो. मरीला तसे नाही. अफगाणांच्या भागात थोड्या कबरींवर लेख आहेत, पुष्कळांवर नुसते दगड. ओल्या तांबड्या मातीतून वाट काढीत आम्ही फिरलो. सूनबाई एका शिळेवरचा मजकूर वाचू पाहत होती. हिने उगाचच एका कबरीवरचे वाळके काटेरी झुडूप उचलून बाजूला टाकले.

मरीत बेजा दरवेश नावाचा एक बलुची राहत असे. तरुणपणी तो हिंदुस्थानच्या सैन्यात होता. १८९६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून एक मोहीम गेली. तिच्यातले दोन गोरे तरुण तहानेने मेले. बाकीचे बचावले त्यात या बेजाच्या धीराचा वाटा मोठा होता. मोहिमेचा नायक वेल्स याने त्याला आपले होकायंत्र भेट दिले. उतारवयात बेजाने येथे खजूर लावले, आणि १९५७ साली तो वारला. होकायंत्र मिळाले, मान मिळाला; परंतु या लोकांना या देशाचे नागरिक होता येत नव्हते. १९०३ च्या कायद्याने आशिया खंडाच्या मूळ रहिवाशांना तो अर्जच करता येऊ नये, अशी व्यवस्था केली होती. त्याआधी १९०१ मध्ये, नवे लोक येऊच नयेत म्हणून, एक परीक्षा काढली होती. अधिकाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा सांगावा आणि येणाऱ्याने तो लिहावा. ज्याला इंग्रजी येते त्याला दुसरी एखादी भाषा घालता येत असे. मी जन्मभर परीक्षक आहे; कठीण प्रश्नपत्रिका मीही काढल्या आहेत. परंतु विद्यार्थी अनुत्तीर्ण व्हावा एवढ्याच हेतूने रचलेली आणि १९५८ पर्यंत चाललेली ही परीक्षा वाचून मला आमच्या सर्व धंद्याचीच लाज वाटली.

ज्यांची ही भूमी मुळातली, त्या अरबाना आणि दियेरी लोकांची गोष्ट याहून निराळी नव्हती. आदिवासींना लोकसंख्येच्या हिशेबात धरू नये, असे कलम त्या देशाच्या राज्यघटनेत होते. ते १९६७ च्या सार्वमताने निघाले. त्यांच्या भागातल्या कबरी आम्ही लांबूनच पाहिल्या. आत जाण्यास का कोण जाणे, संकोच वाटला.

रात्री थंडी पडली. टेबलाचा पलंग होण्यापूर्वी सूनबाईने लॅपटॉप उघडला. तिकडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जुने दाखले जपून ठेवलेले आहेत, आणि ते घरबसल्या पाहता येतात. येथे राहणाऱ्या आशियाई माणसाला आईबापांना भेटण्यास मायदेशी जाऊन परत यावयाचे असेल, तर त्या उताऱ्याच्या परीक्षेतून सूट मिळाल्याचा दाखला आधी घ्यावा लागे. त्याशिवाय परत पाऊल ठेवता येईलच, याची शाश्वती नसे. दाखल्यावर माणसाचे छायाचित्र, एक समोरून आणि एक बाजूने. आणि मागे त्याच्या हाताचा शाईत बुडविलेला ठसा. सबंध पंजाचा! असे एकामागून एक दाखले ती दाखवीत होती. फेटा बांधलेली, दाढी राखलेली, कॅमेऱ्याकडे पाहण्याची सवय नसलेली माणसे. एका पंजावर शाई इतकी दाट लागली होती की रेषा बुजून गेल्या होत्या.

"घरी जाऊन येण्याकरिता हे!" ही म्हणाली. एवढा वेळ ती काही बोलली नव्हती.

मुलगा काही बोलला नाही. मीही नाही. एकाला नाकारलेली वस्तू दुसऱ्याने घेतलीच पाहिजे, असे तर्कशास्त्र सांगत नाही, हे मी जाणतो. त्या उंटवाल्यांचा अपमान झाला म्हणून माझ्या मुलाने आपले पारपत्र परत करावे, हा युक्तिवाद कोणत्याही वर्गात टिकणार नाही. तरीही त्या रात्री मला झोप लागेना. मी रागावलो होतो तो मुलगा शपथ घेणार म्हणून की आता त्याला आमच्याकडे येण्यासाठी एक कार्ड बाळगावे लागणार म्हणून, हे माझे मलाच नीट सांगता येत नव्हते. त्याचा जन्म झाला तेव्हा रुग्णालयात त्याच्या तळपायाचा ठसा कागदावर घेतला होता. तो कागद पुण्यास माझ्या कपाटात आहे. त्याची आठवण इतक्या वर्षांनी कशी झाली कोण जाणे!

पहाटे उठून मी बाहेर आलो. पांढऱ्या काकाकुव्यांचा एक थवा ओरडत चालला होता. मुलगा आधीच उठून फलकापर्यंत जाऊन आला होता. रस्ता उघडला होता.

मोटार मागे घेऊन कॅरव्हॅनचा आकडा अडकविणे हे दोघांचे काम असते. चालकाला मागचे काही दिसत नाही. कोणी तरी मागे उभे राहून हाताने खुणा कराव्या लागतात. आठ दिवसांत हे काम माझ्याकडे आले होते, आणि ते मला बऱ्यापैकी जमू लागले होते. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"येऊ दे… येऊ दे… थोडे डावीकडे," मी म्हणालो. "त्या परीक्षेत विचारतात तरी काय?"

मोटार थांबली. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. "कोणत्या परीक्षेत?"

"तुझ्या नागरिकत्वाच्या."

"वीस प्रश्न असतात. पंधरा बरोबर आले की झाले. पण पाच प्रश्न मूल्यांवर असतात, ते सर्वच्या सर्व बरोबर यावे लागतात."

"भाषा कोणती?"

"इंग्रजी, बाबा."

"बरे. येऊ दे. आणखी थोडे… आणि तो शपथविधी केव्हा असतो?"

"ते नगरपालिका ठरवते. पुष्कळदा सव्वीस जानेवारीला असतो. तो यांचा राष्ट्रीय दिवस."

मी हात वर केला. मोटार पुन्हा थांबली.

"सव्वीस जानेवारीला मला महाविद्यालयात झेंडावंदन असते," मी म्हणालो. "दुसरी एखादी तारीख मिळते का पाहा."

तो काही क्षण माझ्याकडे आरशातून पाहत राहिला. मग म्हणाला, "विचारून पाहतो." आतून हिने दोन्ही कपाटांची दारे लागली आहेत का ते पाहिले, कारण मागच्या खडबडीत वाटेवर तांदुळाचा डबा एकदा सांडला होता. मी आकड्यावर नजर ठेवून पुन्हा हात हलविला, "येऊ दे, येऊ दे… बस्स."